पायजम्यातला उमेदवार

भाच्याची हिंजवडीच्या एका संगणक कंपनीत मुलाखत होती. आदल्या रात्री तो मला 'द सोशल नेटवर्क' दाखवायला बसला. म्हणे, "मामा, कपड्यांचा अभ्यास करायचाय." आमच्या वेळी या अभ्यासासाठी शिंप्याकडे जात असत. असो.

डेव्हिड फिंचरचा हा 2010 सालचा चित्रपट म्हणजे फेसबुकच्या जन्माची कथा. जेसी आयझेनबर्गने उभा केलेला झुकेरबर्ग त्यात पायजम्यावर गाऊन चढवून भांडवल पुरवणाऱ्यांच्या कचेरीत जातो. तेही मुद्दाम उशिरा. पाहणारे खूश! आमचे अण्णा जन्मभर पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात ओट्यावर बसले. त्यांना कुणी चहापुरतेही भांडवल दिल्याचे ऐकिवात नाही.

माझे भांडण आहे ते या पायजम्याशी. बाकी चित्रपट झकास. एरन सॉर्किनचे संवाद तर दिवाळीतल्या लवंगी माळेसारखे तडतडतात. पण पायजमा आपल्यापुढे शौर्य म्हणून येतो, आणि ते शौर्य फुकटातले आहे. कारण गृहस्थाला त्या मंडळींचे पैसे नकोच असतात! मित्राच्या जुन्या रागापायी त्यांना खिजवायला तो गेलेला असतो. गरज नसलेला माणूस लंगोट नेसून गेला तरी लोक त्याला अवलिया म्हणतात. खरा झुकेरबर्ग 2018 साली अमेरिकन संसदेच्या समित्यांपुढे साक्षीला गेला, तेव्हा निमूटपणे सूट-टाय घालूनच गेला होता. त्या दिवशी प्रश्न विचारणारे दुसरे होते ना!

भाच्याचा यावर विश्वास बसावा म्हणून त्याला मागची मुलाखत आठवून दिली. तेव्हा हा टी-शर्टात गेला होता. समोरचे तिघेही टी-शर्टात, एकाच्या पायात तर चपला. तरी शेवटी याला ऐकवले, "तुम्ही सीरियस वाटत नाही." त्या चपलांना कुणी काही विचारले नाही.

"पण मामा, फॉर्मल घातलं तर बावळट वाटतं हो!"

"वाटू दे. पगार झाला की घाल तुझा पायजमा."

तो हसला नाही. शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होणार होता. चित्रपट संपला तेव्हा आतल्या खोलीत ताई पांढऱ्या सदऱ्याच्या एकाच बाहीवरून चौथ्यांदा इस्त्री फिरवत होती.