निर्वासित, शाळा आणि नगरची एक विस्मृत छावणी

अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर) भुईकोट किल्ला तेथील विद्यार्थ्याला परिचित असतो तो मुख्यतः एका प्रकरणामुळे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते येथे स्थानबद्ध झाले आणि १९४४ साली जवाहरलाल नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ येथेच लिहिला. या प्रकरणाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु त्याच्या तेजात त्याच नगरातील, त्याच्या तीनच वर्षे आधीची दुसरी एक स्थानबद्धता दिसेनाशी झाली आहे. आणि निर्वासितांविषयी शाळेने काय शिकवावे, या प्रश्नाच्या दृष्टीने ती दुसरी हकीकत अधिक बोधक आहे.

सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थानातील जर्मन पुरुषांना ‘शत्रुराष्ट्रीय’ ठरवून पकडण्यात आले व त्यांच्यासाठी अहमदनगर येथे मध्यवर्ती छावणी उघडण्यात आली. पुढे तिबेटविषयक लेखनाने प्रसिद्धीस आलेला गिर्यारोहक हाइनरिख हारर हा प्रथम येथेच होता; देवळाली आणि डेहराडून हे त्याचे नंतरचे मुक्काम. या बंदिवानांत नाझी पक्षाचे कट्टर अनुयायी होते, तसेच त्या पक्षाच्या छळाला कंटाळून देश सोडलेले ज्यू निर्वासितही होते. १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले. हाती राहिले ते केवळ जर्मन पारपत्र. ज्या राज्याने त्यांना आपले मानले नाही, त्याच राज्याचे म्हणून त्यांना येथे कोंडण्यात आले. चौकशीनंतर यांपैकी अनेकांची सुटका झाली. मुंबईच्या ज्युइश रिलीफ असोसिएशनने त्यासाठी खटपट केली. परंतु १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर संशय पुन्हा बळावला आणि काहींच्या वाट्याला सातारा, पुरंदर येथील नजरबंदी आली.

निर्वासित हा विषय शालेय अध्यापनात बहुधा दोनच रूपांनी येतो: फाळणीतील लक्षावधींच्या आकड्याच्या रूपाने, किंवा आश्रयदात्याच्या औदार्याच्या कथेच्या रूपाने. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना दिलेला आसरा हे दुसऱ्याचे लोकप्रिय उदाहरण होय. कथा खरी आहे, सुंदरही आहे. तिचा दोष इतकाच की तिच्यात निर्वासित हा केवळ घेणारा राहतो आणि विद्यार्थ्याच्या मनात करुणेबरोबर आत्मसंतुष्टताही शिरते. नगरच्या छावणीची हकीकत असे समाधान देत नाही. ‘हा मनुष्य कोण?’ याचे उत्तर कागदाने द्यावे की त्याच्या आयुष्याने, हा प्रश्न ती उभा करते. आणि हा प्रश्न नववीच्या वर्गाला पेलण्यासारखा आहे. हाना आरेंट यांनाही १९४० मध्ये फ्रान्सने याच न्यायाने गुर्सच्या छावणीत धाडले होते, हे सांगितले की प्रकार केवळ स्थानिक नव्हता हेही स्पष्ट होते.

साहाय्य म्हणजे काय, याचाही येथे पुनर्विचार प्राप्त होतो. शांतिनिकेतनात १९३७ पासून अध्यापन करणारे अ‍ॅलेक्स आरनसन हे जर्मन ज्यू युद्धारंभी स्थानबद्ध झाले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी रवींद्रनाथांनी बंगाल सरकारकडे रदबदली केली. विद्यासंस्थेने येथे दान दिले नाही. आपल्या माणसाविषयी ग्वाही दिली. शाळेच्या हाती असलेले हे साहाय्य वर्गणी गोळा करण्याहून अवघड, आणि म्हणूनच दुर्मीळ.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न भाषेचा. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. त्यांत स्त्रिया व मुलेच बहुसंख्य. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात टाकलेली ही माणसे इराणमार्गे येथे पोचली. त्यांच्या शाळा पोलिश माध्यमाच्या होत्या, कारण परत जाणे गृहीत होते. प्रत्यक्षात ज्या गावांसाठी मुले तयार होत होती ती गावे युद्धानंतर सोव्हिएत संघात गेली, आणि पुष्कळांनी ब्रिटनसारख्या परक्या देशांची वाट धरली. अभ्यासक्रमाचा हिशेब चुकला, असे म्हणता येईल. परंतु सर्वस्व गेलेल्या मुलाला स्वतःच्या भाषेत विचार करण्याची काही वर्षे मिळाली, ही गोष्ट हिशेबाबाहेरची आहे. पोलिश लोक गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले. आजचे गांधीनगर ते हेच. त्यांना परतीची आशा नव्हती. भाषेला घटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले ते १९६७ मध्ये; तत्पूर्वीच लिपी अरबी की देवनागरी, या वादाने शाळांना घेरले होते. बाजारपेठ उभी राहिली, भाषा मात्र घरापुरती आकसत गेली. एकाच भूमीवरील हे दोन प्रयोग शेजारी ठेवून पाहण्याचे काम शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकाने हाती घ्यावे, इतके ते मोलाचे आहेत.

नगर जिल्ह्यात या विषयाचा संबंध ऊसतोड कामगारांच्या मुलांशी जोडण्याचा मोह होतो. हंगामागणिक तुटणारी त्यांची शाळा हा गंभीर प्रश्न आहे, पण ती मुले निर्वासित नव्हेत. आपल्याच राज्यावर त्यांचा पूर्ण हक्क आहे, आणि ‘निर्वासित’ ही संज्ञा सैल केल्यास तो हक्कच पुसट होतो. एक धागा मात्र दोघांना समान आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात ‘बालक’ म्हणजे सहा ते चौदा वर्षांचा मुलगा वा मुलगी. त्या व्याख्येत नागरिकत्वाची अट नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि उशिरा आलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावयाचे असते. १९३९ च्या छावणीत माणसाची ओळख पारपत्रावरून ठरली. प्रवेशाच्या टेबलाशी बसलेल्या मुख्याध्यापकासमोरही कागदच असतो. या कायद्याने त्याला तो बाजूला ठेवण्याची मुभाच नव्हे, आज्ञा दिलेली आहे.