ओळ गिळणारा मेनू

लॅबच्या मीडियाविकीत मी सुरक्षा-नियमांची लिंक मेनूत टाकली, सेव्ह केलं, निघालो. तीन आठवड्यांनी नवी मुलगी विचारते, 'आम्लाच्या बाटल्या कुठे ठेवायच्या?' मेनूत लिंकच नव्हती!

हा मेनू 'साइडबार' नावाच्या पानावर लिहितात. एक तारा म्हणजे शीर्षक, दोन तारे म्हणजे लिंक. उभ्या रेघेआधी पत्ता, नंतर दिसणारं नाव. माझी रेघ राहिली होती, आणि रेघ नसलेली लिंकची ओळ पार्सर गुपचूप गाळतो. जुन्या मीडियाविकीत पानाचं नाव अवैध असेल तर पत्त्यात निदान 'इनव्हॅलिड-टायटल' तरी यायचं. इथे तेवढंही नाही. वाचकाचं पान मोडू नये म्हणून ओळ गाळली, ठीक. पण लिहिणाऱ्याला सेव्ह करताना सांगायला काय हरकत होती? तुमच्याही विकीवर तारे दोन आणि रेघ शून्य अशा ओळी शोधून बघा.