शाळा बंद असताना मनाची विचारपूस

कोविडच्या साथीमुळे मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने राज्यात ऑनलाइन अभ्यासमाला सुरू झाली. विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारने २१ जुलै २०२० रोजी ‘मनोदर्पण’ हा उपक्रम हाती घेतला. मार्गदर्शक सूचना, समुपदेशकांची यादी, संकेतस्थळ आणि निःशुल्क दूरध्वनी असे त्याचे स्वरूप होते. अभ्यासाबरोबर मनाचीही काळजी घ्यावी लागते हे शासकीय पातळीवर मान्य झाले, याचे स्वागतच करायला हवे. तरीही पुढची साथ येण्यापूर्वी या उपक्रमाची चिकित्सा होणे आम्हांला आवश्यक वाटते.

पहिला आक्षेप वेळेचा. शाळा बंद झाल्यावर मदतीचा क्रमांक मिळायला चार महिने गेले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हातात फोन, घरात एकांत आणि दुःख सांगायला शब्द असलेले मूल या योजनेने गृहीत धरले. वाशिंद परिसरात लोकल बंद झाली, तेव्हा कल्याण-मुंबईच्या रोजगारावर चालणारी घरे हवालदिल झाली. अनेक घरांत मोबाइल एकच, तोही कमावत्या माणसाच्या खिशात. शहापूर-मुरबाडच्या कातकरी पाड्यांवरील मुलांनी फोन करावा तरी कोठून? युनिसेफच्या २०२१ च्या अहवालानुसार, मानसिक त्रासात मदत घेणे चांगले, असे १५ ते २४ वयोगटातील केवळ ४१ टक्के भारतीयांना वाटले. २१ देशांची सरासरी ८३ टक्के होती. म्हणजे फोन असला, तरी तो केला जाईलच असे नाही.

पोषण आहाराचा शिधा पालकांना वाटता आला. मैत्रीण, मैदान आणि “आज गप्प का रे?” असे विचारणाऱ्या बाई मात्र घरी पोहोचवता आल्या नाहीत.

एनसीईआरटीने जानेवारी ते मार्च २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. अभ्यास, परीक्षा व निकाल हे चिंतेचे कारण ८१ टक्के मुलांनी सांगितले; ऑनलाइन शिकणे ५१ टक्क्यांना अवघड गेले. चिंतेचे मूळ शाळेशी निगडित असेल, तर उपायाचा मोठा भागही शाळेच्याच हाती आहे.

येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचार पुस्तिकेतील तीन पायऱ्या उपयोगी पडतात : पाहा, ऐका, जोडून द्या. मूल भीती नेहमी शब्दांत सांगत नाही. पोटदुखी, डोकेदुखी, झोपमोड, चिडचिड, अबोला या रूपांत ती दिसते. सतत ताण असला की लक्ष टिकत नाही आणि वाचलेले लक्षात राहत नाही. याला आळस म्हणू नये. आजाराची माहिती खरी आणि वयाला पेलेल अशी द्यावी. निदान करणे शिक्षकाचे काम नाही. त्रास आठवडेन् आठवडे टिकला, तर पालकांशी बोलून डॉक्टरांकडे पाठवावे. जिवाला अपाय करण्याची भाषा कानी आली, तर एक दिवसही थांबू नये. २०२२ पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे, तो मुलासोबत बसून लावून द्यावा.

पुन्हा कधी शाळेला कुलूप लागलेच, तर हजेरीपट कपाटात ठेवू नये. त्यातील प्रत्येक नावाची आठवड्यातून एकदा विचारपूस करावी. पाड्यावर जाणारी आशाताई, अंगणवाडीताई किंवा मोठ्या वर्गातील विद्यार्थी यांची त्यासाठी मदत घेता येईल. ही व्यवस्था शाळा सुरू असतानाच ठरवून ठेवावी.