ख्रिस्ती गीत आणि लौकिक संगीत : मराठीतील एका सीमारेषेची चिकित्सा

प्रास्ताविक :
संगीताची धार्मिक आणि लौकिक अशी विभागणी पाश्चात्त्य ख्रिस्ती जगात दीर्घकाळ चर्चिली गेली आहे. मराठीत मात्र ही रेषा दोन नव्हे, तर तीन प्रांतांमधून जाते : चर्चमधील स्तोत्र, वारकरी-रामदासी भक्तिगीत आणि रंगभूमी-शाळा-सभेतील लौकिक गीत. ही रेषा नेमकी कोण आखतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचनाबंधाचा पुरावा :
फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात प्रसिद्ध झाले. त्याचा आशय ख्रिस्ती, पण छंद ओवीचा. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या हेन्री बॅलंटाइन यांनी पाश्चात्त्य चालींवर मराठी गीते रचली. त्याच अहमदनगर परिसरात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट रुंद केली. पुढे नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) अभंग आणि भजन यांना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची स्वतःची धारणा होती. म्हणजे छंद, चाल किंवा वाद्य यांवरून गीताचा धर्म ठरत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'तील (१८८२) साकी-दिंडीलाही कीर्तनाची पार्श्वभूमी आहे. तेच बंध रंगभूमीवर आले की लौकिक ठरतात.

टिळकांच्या कवितेची कसोटी :
टिळकांनी निसर्गावर, फुलांवर आणि पाखरांवर लिहिले, तसेच ख्रिस्तावरही लिहिले. 'केवढे हे क्रौर्य' ही त्यांची कविता शालेय वाचनातून घराघरांत पोहोचली. त्यांची भजने मात्र मुख्यतः चर्चच्या गीतसंग्रहात राहिली. कवी एक, भाषा एक, करुणेचा सूरही बराचसा एक. वाचकवर्ग मात्र दोन. ही फाळणी कवितेच्या गुणवत्तेतून निघत नाही. ख्रिस्ताचे नाव आले की रचना एका समाजाची मानली जाते, हे तिचे कारण होय.

जालन्याचा संदर्भ :
आजच्या जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. याच जिल्ह्यात, निजामी राजवटीच्या काळात, नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभारली. दोन्ही स्थळे मराठी धर्मजीवनाची, पण त्यांच्या शब्दसंपदेचा सार्वजनिक प्रवास समान नाही. 'मनाचे श्लोक' पाठांतराचे आणि संस्कारांचे साहित्य म्हणून शाळेत सहज येतात. त्यातील रामनामाची कोणाला अडचण होत नाही. ख्रिस्ती भजन मात्र त्याच शाळेत आले तर ते 'त्यांचे' ठरते. येथे लौकिक म्हणजे धर्मनिरपेक्ष असे नसून, बहुसंख्यांच्या परिचयाचे इतकाच अर्थ उरतो.

प्रतिवाद :
उपासनेचे गीत उपासनेतच शोभते, असा आक्षेप घेता येईल, आणि तो पूर्णतः निराधार नाही. भक्ताच्या दृष्टीने गीत ही प्रार्थना असते. तिला मैफलीचा विषय केल्यास तिचे मर्म हरवू शकते. परंतु हा निकष सर्वांना सारखा लावावा लागेल. तुकोबांचा अभंग मैफलीत गायला गेला म्हणून तो हीन ठरला नाही. उलट अन्यधर्मीय श्रोत्यांपर्यंतही पोहोचला. टिळकांच्या अभंगालाच तेवढा मज्जाव का असावा ?

समारोप :
ख्रिस्ती आणि लौकिक संगीतातील सीमा स्वरांत नसून प्रसंगात आणि श्रोत्यांच्या सवयीत आहे. प्रसंगाची सीमा आदरणीय. सवयीची मात्र तपासून पाहावी लागेल. मराठी संगीताचा आणि कवितेचा इतिहास शिकविताना टिळकांची भजने 'ख्रिस्ती साहित्य' या वेगळ्या प्रकरणात न ठेवता अभंगपरंपरेच्या प्रकरणात वाचली, तर अभंगाची व्याप्ती विद्यार्थ्यांना अधिक यथार्थपणे कळेल. अभ्यासक्रम ठरविणाऱ्या प्राध्यापकवर्गाच्या हाती एवढे निश्चितच आहे.