टिळकांची ख्रिस्ती पदे आणि नात्यांची कसोटी

देहू, भंडारा आणि भामचंद्र ही तुकोबांच्या चरित्रातील तीन सुप्रसिद्ध स्थाने होत. आज देहू पिंपरी-चिंचवडच्या सीमेला लागून आहे, आणि चाकणची औद्योगिक वसाहत भामचंद्राच्या परिसरापर्यंत जाऊन पोहोचली आहे. परिसर पालटला, परंतु या डोंगरांवर एके काळी उभा राहिलेला प्रश्न पालटलेला नाही. ईश्वराशी जडलेले नाते माणसाच्या इतर नात्यांचे काय करते, हा तो प्रश्न. डोंगरावर चिंतनात बसलेल्या पतीसाठी भाकरी घेऊन चढ चढणारी जिजाई परंपरेने लक्षात ठेवली आहे. मात्र तिची बाजू तिच्याच शब्दांत उपलब्ध नाही. हाच प्रश्न आधुनिक मराठीत निराळ्या धर्मभूमीवर पुन्हा उभा राहिला, तो रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या ख्रिस्ती पदरचनेत.

तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, या आशयाचे टिळकांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांचा अर्थ केवळ छंदापुरता घेणे बरोबर होणार नाही. ख्रिस्तकथा मराठी छंदात आणण्याचे कार्य फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त आधीच केले होते. परंतु पुराणाची ओवी ही कथनाची ओवी आहे. तीत सांगणारा आणि ऐकणारा हे नाते प्रधान असते. अभंगाचा स्वभाव निराळा. तो देवाला ‘तू’ म्हणतो आणि म्हणूनच बोलणाऱ्याला स्वतःच्या अंतःकरणासह पुढे यावे लागते. मिशनच्या उपासनेत पाश्चात्त्य चालींवर बसविलेली भाषांतरित गीते गायिली जात असता टिळकांनी अभंग, भजन व पद हे प्रकार तेथे आणले, स्वतः कीर्तनेही केली. त्यांची अनेक पदे ‘उपासना संगीत’ या संग्रहातून मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या नित्य गायनात रुजली. या बदलाने उपासकाला देवाशी बोलण्याची नवी जवळीक प्राप्त झाली, हे त्याचे खरे महत्त्व होय.

‘अभंगांजली’ आणि इतर पदे एकत्र वाचली असता त्यांत नात्यांच्या तीन पातळ्या आढळतात. पहिली मातृत्वाची. विठाईची माउली ही उपाधी टिळक ख्रिस्ताला देतात, आणि गुरू व माता यांचा एकाच संबोधनात मेळ घालतात. दुसरी पातळी ऐक्याची. तेथे भक्त आणि ख्रिस्त यांमधील अंतर मिटविण्याची ओढ दिसते. तिसरी बंधुत्वाची. ख्रिस्ताशी झालेली एकरूपता शेजाऱ्याच्या दुःखापर्यंत पोहोचली नाही तर ती अपुरी होय, अशी त्यांची धारणा आहे. यातील पहिल्या दोन पातळ्या वारकरी वारशाच्या आहेत हे उघड आहे. तिसरीविषयीही सावधपणे बोलले पाहिजे. गांजलेल्यांना आपले म्हणण्याची शिकवण तुकोबांच्या वाणीत ठळकपणे आहेच. ती केवळ ख्रिस्ती प्रभावाची मानणे हा परंपरेवर अन्याय होईल. टिळकांचे वेगळेपण हे की, त्यांनी या बंधुत्वाला संस्थेचे रूप देऊ पाहिले. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी सातारा येथे आरंभिलेला ‘देवाचा दरबार’ बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा उभय ख्रिस्तभक्तांना एकत्र आणण्यासाठी होता.

येथवर टिळकांच्या पदांचे यश निःसंशय आहे. तथापि त्यांची मर्यादाही याच ठिकाणी सुरू होते. तुकोबा देवाशी भांडतात, त्याला दोष देतात, प्रसंगी त्याच्या असण्याविषयी शंका घेतात; आणि भांडण ओलांडून आलेले समाधान म्हणूनच भारदस्त वाटते. टिळकांच्या पदांत शरणागती आहे, आर्तता आहे, परंतु हे भांडण क्वचितच आढळते. वास्तविक त्यांच्या आयुष्यात त्याला कारणे कमी नव्हती. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई व लहान मुलगा दुरावले. पुढील काही वर्षे हे कुटुंब विभक्त राहिले. ज्या कवीने ऐक्य एवढ्या उत्कटतेने गायिले, त्याच्या ऐक्याची किंमत दुसरे कोणी भरीत होते. पदांत या किमतीचा हिशेब जवळजवळ नाही.

तो हिशेब लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आला. भक्ताच्या घरातील स्त्रीची बाजू तेथे प्रथम पुढे येते, असे सरसकट म्हणता येणार नाही. बहिणाबाईंचे आत्मनिवेदन त्याआधीचे आहे. परंतु बहिणाबाई स्वतःच भक्त होत्या आणि विरोध पतीचा होता. लक्ष्मीबाईंची स्थिती उलट आहे. पतीची श्रद्धा जिला अद्याप पटलेली नाही, अशा पत्नीचा अनुभव त्या सांगतात. परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे लगेच सोडले नाही. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या विचाराने ठरविली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली घेतला. या निवेदनात अश्रू आहेत, पण तक्रारीचा सूर नाही; टिळकांच्या विसराळूपणावर व हट्टावर त्या मनमोकळेपणाने हसतात. पदांनी ज्या प्रेमाची घोषणा केली, ते प्रेम चुलीपाशी कसे टिकले, हे या विनोदातून कळते.

म्हणून टिळकांची पदे आणि ‘स्मृतिचित्रे’ ही दोन स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकविण्याची रूढ पद्धती पुरेशी नाही. पदांत जो कलह गाळला गेला तो गद्यात उरला आहे. आणि गद्यात ज्या श्रद्धेपर्यंतची वाट दिसते तिचे गंतव्य पदांत आहे. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे चालविले, ही घटना या परस्परपूरकतेची साक्ष मानता येईल.

१९५४ साली पिंपरीत सरकारी पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला. त्यानंतरच्या दशकांत इंद्रायणीच्या दोन्ही तीरांवर घरदार मागे ठेवून आलेल्या माणसांची वस्ती वाढत गेली. अशा माणसाला देव माउली आहे हे पद धीर देते, यात संशय नाही. परंतु मागे राहिलेल्या माउलीचे काय, हा प्रश्न ते पद विचारीत नाही. तो विचारण्याचे धैर्य मराठी ख्रिस्ती वाङ्मयात लक्ष्मीबाईंनी दाखविले. टिळकांच्या भक्तीची कसोटी त्यांच्या पदांनी नव्हे, तर या प्रश्नाला सामोऱ्या गेलेल्या त्यांच्या संसाराने दिली, असाच निष्कर्ष काढणे प्राप्त होते.