न्यूट्रिनो ते विमानतळ

औंढा नागनाथच्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्र सरकारने २०२३ मध्ये मंजुरी दिली. तिच्यावरचे लेख वाचताना आम्हांला एक गोष्ट खटकते : ‘उपयोग काय?’ म्हटले की भावी तंत्रज्ञानाची आश्वासने सुरू!

अमेरिकी अणुकेंद्र-भौतिकीतज्ज्ञ ली ग्रॉडझिन्स यांचेच पाहा. गॅमा किरण मोजून न्यूट्रिनो ‘डावखुरा’ असल्याचे त्यांनी सहकाऱ्यांसह १९५८ मध्ये दाखवले. तेव्हा विमानतळ कुणाच्या मनात होता? १९८८ च्या लॉकरबी विमानस्फोटानंतर, १९९१ मध्ये, त्यांनी प्रवासी सामानातील स्फोटके हुडकण्याच्या अणुकेंद्रीय पद्धतींवर लिहिले. स्फोटकांतला नायट्रोजन मंद न्यूट्रॉन शोषून १०.८ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा किरण सोडतो. (लोकरीतही नायट्रोजन असतोच, म्हणजे खोटे इशारेही आले!) मोजण्याचे कसब तेच.

लायगोच्या ४ किलोमीटर बाहूंतला, प्रोटॉनहूनही सूक्ष्म बदल कसा टिपतात, याला मात्र या लेखांत एखादीच ओळ मिळते.