‘आता’ कोणाचा?

हॉलंडचे सी. डब्ल्यू. रीटडाइक यांनी १९६६ साली भविष्य आधीच ठरलेले असल्याची ‘काटेकोर सिद्धता’ प्रसिद्ध केली. आइनस्टाइनच्या सापेक्षतावादानुसार भिन्न वेगाने जाणाऱ्यांचा ‘आता’ एक नसतो. आपल्या लेखी उद्याची दूरची घटना दुसऱ्याच्या ‘आता’त मोडते, म्हणून ती ठरलेलीच, असा त्यांचा युक्तिवाद.

पहिले विधान आम्हांस मान्य आहे, निष्कर्ष नाही. दूरचा ‘आता’ हा प्रकाशसंकेतांवरून मांडलेला हिशेब असतो. त्या घटनेची खबर त्या दुसऱ्यालाही त्या क्षणी नसते. हॉवर्ड स्टाइन यांनीही १९६८ साली या युक्तिवादावर नेमका आक्षेप घेतला.

सर्वांचा मिळून एकच ‘आता’ विश्वात नसेलही. परंतु कोकणातले घर सोडण्याचा वाडवडिलांचा निर्णय आधीच ठरलेला होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही.